जिन्यावरची पावडर

ते खोकं आधी इकडे आण. लपवू नकोस, भाचेबुवा. मघापासून आतून नखांची खरवड ऐकू येतेय आणि तू आपला उगाच खोकतोयस. मी म्हातारा झालोय, बहिरा नाही झालो. हं… मांजराचं पिल्लू. डोळे अजून धड उघडले नाहीत त्याचे. आणि मालक खालीच राहतो ना तुझा? भाडेकरारात लिहिलंय ना, प्राणी पाळायचे नाहीत म्हणून? मालकाला कळणार नाही म्हणतोस. बरं बाबा. नाही कळणार.

बसा सगळे. तू बस, तुझी बहीण बसू दे, तो तुमचा चष्मेवाला दोस्तही बसू दे. जिन्याचा दिवा चालू राहू द्या, मालवू नका. मी सांगतोय ती गोष्ट माझ्या मित्राची आहे, ऐकीव नाही. बरीचशी त्याने सांगितलेली, शेवटची मी स्वतः पाहिलेली. मधे कुणी बोलायचं नाही. हसायचं असेल त्याने आत्ताच हसून घ्यावं.

तर ह्या माझ्या मित्राचं एक वेड होतं, पावडरचे डबे आणायचं. अंगाला लावायची साधी पावडर. बायको जाऊन वर्षं झालेली, घरात लेकरू नाही, स्वतः कधी आरशात बघायचा नाही, आणि महिन्याला दोन डबे पावडर न्यायचा. दुकानदाराने त्याचं नाव पाडलं पावडरकाका. पुढे सगळे तेच म्हणायला लागले. मीही म्हणायचो, पण पाठीमागे. तोंडावर म्हणायची सोय नव्हती, कारण रोज संध्याकाळी त्याच्याकडे बुद्धिबळ खेळायला मीच जायचो. त्या घराचं वायरिंगही माझ्याच हातचं.

घर त्याच्याच मालकीचं, लहानसं. खाली हा एकटा, वर एक बिऱ्हाड, त्याच्यावर गच्ची. जिना एकच, काळ्या फरशीचा. हा गडी कारखान्यात तपासनीस होता. उभी हयात तयार माल तपासण्यात गेली. एक ओरखडा दिसला की माल परत. निवृत्त झाला, पण खोड जाते होय? मग घर तपासायचा. रात्री अकराला फाटकाला कुलूप घालायचा, त्याची एक चावी वरच्या बिऱ्हाडाकडेही असायची, आणि मग खालच्या तीन पायऱ्यांवर पावडर भुरभुरायचा, अगदी पातळ, कुणाच्या लक्षात येणार नाही इतकी. सकाळी उठून चष्मा लावून उकिडवा बसायचा आणि ठसे वाचायचा. वाचून झाले की ओल्या फडक्याने पुसून टाकायचा. एका बिऱ्हाडाचं मांजर असं सापडलं, एकाचा ससा. नोटीस नाही, भांडण नाही, आवाज चढवणं नाही. हातात तेच ओलं फडकं घेऊन वरच्या दारात उभा राहायचा आणि म्हणायचा, पंधरा दिवस. बस्स. पंधराव्या दिवशी बिऱ्हाड गेलेलं असायचं. मला तो हे अभिमानाने सांगायचा. मी हसायचो. हसलो, हे खरंय.

मग वर एक बाई राहायला आली. इस्पितळाच्या धुलाईखान्यात कामाला. नवरा नाही, आठ-नऊ वर्षांची एक मुलगी. भाडं वेळेवर, बोलणं बेताचं. जिना न सांगता धुऊन काढायची. पावडरकाका खूश होता. कामाची वेळ विचारली तेव्हा बाई म्हणाली, पाळी बदलत असते. ह्यानेही पुढे खोदलं नाही.

आता नीट ऐका. रोज सकाळी पावडरीत बाईच्या चपलेचा ठसा असायचा. वर जाणारा. रोज तोच. खाली येणारा ठसा कधीच नाही. हा समजायचा, सकाळी दूध आणायला गेली असेल. अरे, पण खाली उतरलीच नाही ती बाई वर चढेल कशी? अकराच्या आधी ती घराबाहेर पडलेली असणार आणि रात्रभर बाहेर असणार, एवढा साधा हिशेब! तपासनीस म्हणवणारा माणूस आणि महिनोन्‌महिने हे त्याच्या ध्यानात आलं नाही. कारण तो शोधत होता पंजे. माणसाला जे शोधायचं असतं तेवढंच दिसतं. दहाच्या बातम्या हा इतक्या मोठ्याने लावायचा की बाई त्याच्या दारावरून निघून जायची, तरी ह्याला पत्ता नसायचा.

पंजे मात्र मिळेनात. आणि ह्याला वास यायचा. ओल्या केसांचा, कुत्र्याचा. चांगलं बिऱ्हाड, म्हणून त्याने मनातून तो वास झटकून टाकायचा प्रयत्न केला, पण सवय वाईट. एका रात्री त्याने गच्चीकडे जाणाऱ्या पायऱ्यांवर पावडर टाकली. सकाळी बघतो तर काय, पंजे. वर गेलेले, खाली आलेले, शेजारी लहान पोरीची पावलं. पुढच्या उजव्या पंजाला एक बोट कमी. तीनच बोटं.

नेहमीचा पावडरकाका असता तर फडकं घेऊन दारात उभा राहिला असता. पण ह्या वेळी त्याने डोकं चालवलं. अशी भाडेकरू पुन्हा मिळायची नाही. साप मरावा आणि काठीही मोडू नये. म्हणून गुरुवारी दुपारी बाई मुलीला शाळेतून आणायला गेली, तेव्हा त्याने आपल्याजवळच्या दुसऱ्या चावीने दार उघडलं.

कुत्रा दारामागेच बसला होता. तपकिरी, मध्यम अंगाचा, वयाने उतरलेला. भुंकला नाही. गुरगुरलासुद्धा नाही. ह्याने बिस्किट दाखवलं, गोड आवाजात यू यू केलं, आणि तो शेपूट हलवत मागे आला. कपडे वाळत घालायची पिवळी दोरी होती, ती गळ्यात बांधली. रिक्षाने पुलापलीकडे नेलं. तिथे एक बंद पडलेलं गोदाम आहे, त्याच्या मागच्या नळाला बांधलं. पहारेकरी असेल, रात्री बघेल, घेऊन जाईल, असं त्याने स्वतःला सांगितलं. निघताना मागे वळून पाहिलं, तर कुत्रा बसून राहिला होता. शेपूट हलवत. म्हणाला होता मला, "अरे, त्याला वाटलं मी फिरायलाच आणलंय."

घरी आला. संध्याकाळी बाई जिन्यात भेटली. तिचे डोळे लाल, ह्याचे खाली. ती विचारू शकत नव्हती, कारण विचारलं तर कुत्रा होता हे कबूल करावं लागणार आणि घर जाणार. हा सांगू शकत नव्हता, कारण सांगितलं तर चोरून दार उघडलं हे कबूल करावं लागणार. अळीमिळी गुपचिळी. दोघांनी एकमेकांना पाण्याच्या टाकीबद्दल विचारलं आणि आपापल्या घरात गेले.

मुलगी मात्र दुसऱ्या दिवशी ह्याच्या दाराशी आली. म्हणाली, "काका, काल आमचं दार उघडं राहिलं होतं का?" ह्याने नाही म्हटलं. ती वर गेली.

आठवडा गेला. पुढच्या शुक्रवारी रात्री ह्याला जाग आली. जिन्यावर आवाज होता. टक् टक् टक् टक्… नखांचा. फरशीवर. वर चढत गेला आणि थांबला. हा पडल्या पडल्या चिडला. म्हटलं, आला वाटतं दोरी कुरतडून. सकाळी पायऱ्या पाहिल्या. पंजे होते. पुढचा उजवा, तीन बोटांचा. फक्त वर जाणारे. शेजारी बाईच्या चपलेचा ठसा, तोही नेहमीसारखा वर जाणारा.

शनिवारी हा गोदामावर गेला. दोरी बघायला, दुसरं काय. कुरतडलेली दोरी मिळाली असती तर त्याचा जीव भांड्यात पडला असता. नळाला दोरी होती, पण कुरतडलेली नव्हती. सुरीने कापलेली होती, सरळ. रस्त्यापलीकडे टायरच्या पंक्चरचं दुकान आहे, त्या माणसाला विचारलं. तो म्हणाला, कापली मी. काल सकाळी त्याला त्या भिंतीमागे पुरलं. पहारेकरी तर केव्हाच काढून टाकलाय. मग तो म्हणाला, आणि हे वाक्य पावडरकाकाने मला जसंच्या तसं सांगितलं:

"मी रोज इथेच असतो हो, दिवसभर. एकदा भुंकला असता तरी मला कळलं असतं. भुंकलाच नाही."

…

भुंकणार कसा? त्याला शिकवलेलं होतं. वरच्या खोलीत, त्या पोरीने. ओठांवर बोट ठेवून. आवाज केलास तर काकांना कळेल, आपलं घर जाईल. शहाणं जनावर. इतकं शहाणं, की तिथेही चूप बसलं.

काय रे, गप्प का झालास? घे ते पिल्लू मांडीवर. तेही गप्प झालंय बघ.

ती रात्र. नोव्हेंबरातला दुसरा शनिवार. मी संध्याकाळी खेळायला गेलो तर दार उघडून म्हणाला, आज नको, डोकं दुखतंय. अकराला त्याने पावडर टाकली. नेहमीपेक्षा जास्तच टाकली. मग स्वतःच्या दारात खुर्ची टाकून बसला, दार फटीएवढं उघडं ठेवून. जिन्याचा दिवा लागलेला. फाटकाला कुलूप. चावी ह्याच्या खिशात.

दोन वाजून दहा मिनिटं. त्याने घड्याळ पाहिलं होतं.

टक्…

पहिल्या पायरीवर. हा बघत होता. पायरीवर कुणी नव्हतं.

टक् टक्…

पावडर दबली. आपोआप. चार ठिपके आणि त्याच्यामागे एक खळगा. मग पुढचा उजवा. तीन ठिपके. दुसरी पायरी. तिसरी. दार लावावं म्हटलं तर हात जाईना. आवाज वर गेला. वळणावर पोचला. वरच्या दाराशी थांबला…

आणि मग दारावर खरवड. हलकी. कुणाला त्रास होऊ नये अशी.

ह्याला वाटलं, आता बाई दार उघडेल. किंचाळेल. काहीतरी होईल. काही झालं नाही. आतून लहान पावलं आली. कडी निघाली. दार उघडलं. परत लागलं. बाईचा आवाज नाही. काहीच नाही.

तेव्हा कुठे त्याच्या डोक्यात उजेड पडला. चपलेचा ठसा. रोज वर जाणारा. खाली येणारा कधीच नाही… बाई घरात नव्हती. रात्री कधीच नसायची. पोरगी एकटी असायची. रोज. आणि तिच्यासोबत जे एक जनावर असायचं, ते ह्याने स्वतःच्या हाताने नळाला बांधून घातलं होतं.

हा वर गेला. कसा गेला ते त्यालाही सांगता येत नव्हतं. ठशांवर पाय पडू नये म्हणून भिंतीला धरून गेला म्हणे. दार ठोठावलं. परत ठोठावलं. मग खिशातली दुसरी चावी काढली. कडी लागलेली असणार, हे माहीत असूनही चावी फिरवली. दार उघडलं. कडी लागलेली नव्हती.

आत छोटा दिवा. मुलगी जमिनीवर बसलेली, दारापासून हातभर अंतरावर. भिंतीला टेकून. तिचा एक हात हळूहळू पुढे-मागे होत होता. जमिनीपासून वीतभर वर. कशाच्या तरी पाठीवरून फिरावा तसा. हाताखाली नुसती फरशी.

ह्याला बघून ती दचकली नाही. तिने ओठांवर बोट ठेवलं.

"हळू, काका. आत्ताच झोपलाय तो. खूप लांबून आलाय."

…

हा मागे सरकला. दार ओढून घेतलं आणि तिथेच दाराबाहेर बसला. खाली यायची त्याची हिंमत नव्हती, आणि त्या पोरीला एकटं सोडायचीही नव्हती. दाराच्या फटीतून श्वास ऐकू येत होते. एक पोरीचा. एक दुसरा, धापेचा, जिना चढून आलेल्या म्हाताऱ्या कुत्र्याचा. पहाटेपर्यंत ऐकत राहिला.

सहाला बाई आली. इस्पितळातून. आपल्या दारात घरमालक बसलेला बघून ती आधी मुलीच्या नावाने ओरडली. ह्याने सांगितलं, पोरगी बरी आहे, झोपलीय. बाईने काय केलं असेल? तिने हात जोडले. म्हणाली, दादा, घर काढून घेऊ नका, दिवसपाळीला अर्ज दिलाय, एवढे दोन महिने राहू द्या. आणि ह्या माणसाने, ज्याने उभ्या जन्मात कुणाची माफी मागितली नव्हती, तिच्या हातात ती दुसरी चावी ठेवली. गुरुवारी दार मीच उघडलं होतं म्हणाला. कुत्रा कुठे नेला तेही सांगितलं. भिंतीमागे पुरलाय तेही सांगितलं.

बाईने चावी घेतली. आत गेली. दार लावलं. पुढचा महिनाभर ती त्याच्याशी एक शब्द बोलली नाही, आणि बरोबरच केलं तिने. मी तिच्या जागी असतो तर खेटर काढलं असतं.

पण तिला दुसरी सोय नव्हती, आणि ह्याला दुसरं प्रायश्चित्त सुचत नव्हतं. रात्री दहाला बाई कामावर जायची, आणि हा वर जाऊन दाराबाहेर बसायचा. थंडीत. नुसत्या फरशीवर, भिंतीला टेकून. महिन्याभराने एका रात्री वर गेला तर दाराबाहेर पातळशी गादी घातलेली होती. माफी वगैरे कुणी बोललं नाही. गादी होती, एवढंच.

मला त्या शनिवारच्या रात्रीचं सगळं त्याने दुसऱ्याच दिवशी, रविवारी सांगितलं होतं. पट मांडलेला होता आणि एक प्यादं हललं नाही. मी त्याला वेड्यात काढलं. मग मला खुमखुमी आली आणि एका सकाळी सहाच्या आत गेलो. पायऱ्या पाहिल्या. तीन बोटांचा पंजा होता. वर जाणारा. त्यानंतर मी त्याला वेड्यात काढलं नाही.

पुढे बाईला दिवसपाळी मिळाली. ती रात्री घरी असायला लागली. पोरगी मोठी झाली, कॉलेजात गेली. हा मात्र वरच झोपायचा. विचारलं तर म्हणायचा, खाली ओल येते. पावडर टाकणंही चालूच होतं. फक्त आता वरून, चौथ्या पायरीवर उभा राहून खालच्या तीन पायऱ्यांवर भुरभुरायचा आणि तसाच वर जायचा. मी म्हटलं, आता कुणाला पकडतोस? तर माझ्याकडे असं बघितलं, जणू मलाच काही कळत नाही.

"पकडायला नाही रे. तो पोचला की नाही, ते कळायला नको?"

गेल्या वर्षी त्याच दिवसांत, सकाळी मला फोन आला. त्या मुलीचा. म्हणाली, वायरमनकाका, या. एवढंच. मी कपडे न बदलता गेलो. फाटकाला आतून कुलूप होतं. तिने वरच्या खिडकीतून चावी टाकली. म्हणाली, "पायऱ्यांवर पाय देऊ नका. कडेने या. आधी बघा."

मी कुलूप काढलं. बघितलं.

खालच्या तीन पायऱ्यांवर पावडर होती. त्या रात्री वर जाणारा एकही ठसा नव्हता. खाली येणारे होते. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. तीन बोटांचा पंजा, पुढे निघालेला, घाई नाही, ओढाताण नाही. आणि त्याच्या शेजारी माणसाची पावलं. अनवाणी. डाव्या अंगठ्याशेजारचं बोट वाकडं. ते बोट मी ओळखतो. कारखान्यात त्याच्यावर पेटी पडली होती. दोघांचे ठसे सोबत सोबत, तिसऱ्या पायरीवरून पहिलीवर, आणि पुढे फाटकाकडे. फाटकाला कुलूप होतंच.

मी भिंतीला धरून वर गेलो. मायलेकी दारात उभ्या होत्या. तो गादीवर होता. कुशीवर, दाराकडे तोंड करून. झोपेतच गेला होता, डॉक्टर नंतर म्हणाले, मध्यरात्रीनंतर केव्हातरी. एक हात गादीबाहेर पडलेला. मुलगी रडत नव्हती. तिने फक्त माझ्याकडे पाहिलं आणि त्याच्या पायांकडे पाहिलं.

मला कळलं ती काय म्हणतेय ते. खाली उतरून परत वर येऊन झोपला असेल, माणूस आहे… असं मीही मनात म्हणत होतो. मी खाली बसलो. चादर वर केली. आधी डावा पाय पाहिला. मग उजवा.

तळवे कोरडे होते. स्वच्छ. पावडरीचा एक कण नव्हता.